नातवंडांच्या नुकसानीची आजची किंमत

कार्बन डायऑक्साइड हवेत किती वर्षं टिकतो, याचं उत्तर एका आकड्यात देता येत नाही. मिथेनचं देता येतं: हवेतल्या रासायनिक अभिक्रियांमुळे तो सरासरी १२ वर्षांत मोडतो. कार्बन डायऑक्साइड असा मोडत नाही, फक्त जागा बदलतो. आपण सोडतो त्यातला जवळपास निम्मा झाडं, माती आणि समुद्र शोषून घेतात. उरलेल्यातला बराचसा समुद्रात मुरायला शतकं लागतात. समुद्रतळावरच्या चुनखडीशी त्याची अभिक्रिया व्हायला हजारो वर्षं जातात आणि शेवटचा हिस्सा खडकांच्या झिजेत बांधला जायला लाखो. (आपल्या सह्याद्रीचा काळा बेसाल्ट या कामात फार तरबेज. पावसाच्या पाण्यात विरघळलेला वायू त्याला झिजवतो आणि बायकार्बोनेट होऊन नद्यांवाटे समुद्रात जातो. पण धुराड्यांच्या वेगापुढे हा वेग नगण्य आहे.)

१९५८ साली अमेरिकी शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटांवरच्या मौना लोआ इथे मोजणी सुरू केली, तेव्हा हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३१५ रेणू होते. आता ते ४२० च्या पुढे गेले आहेत. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या सहाव्या अहवालानुसार तापमानवाढ १.५ अंशांवर रोखली, तरी पुढच्या २००० वर्षांत समुद्र २ ते ३ मीटर चढेल. मागे तेवढंच अंतर गेलं तर आपण सातवाहनांच्या काळात पोचतो.

इतक्या लांबच्या नुकसानीचा हिशेब अर्थशास्त्रज्ञ व्याज उलटं लावून करतात. शंभर वर्षांनी होणारं १०० रुपयांचं नुकसान टाळायला आज किती खर्चावेत? या उलट्या व्याजाचा दर वर्षाला ५ टक्के धरला तर फक्त ७६ पैसे. दर १.४ टक्के धरला तर जवळजवळ २५ रुपये. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ निकोलस स्टर्न यांनी हवामानबदलावरच्या २००६ च्या अहवालात साधारण हा दुसरा दर धरला आणि तातडीने उत्सर्जन घटवा असं सांगितलं. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ विल्यम नॉर्डहाउस यांचा दर बराच चढा होता. लोक प्रत्यक्ष बाजारात पैसा गुंतवताना जसे वागतात तसाच दर धरावा, आणि पुढची पिढी आपल्याहून श्रीमंत असेल, ही त्यामागची भूमिका.

मला ती पटत नाही. पुढच्या पिढीची सरासरी मिळकत वाढेलही, पण बुडालेला किनारा त्या मिळकतीतून परत विकत घेता येत नाही. शिवाय ज्यांचं नुकसान व्हायचं आहे, ते आजच्या बाजारात गिऱ्हाईक म्हणून उभेच नाहीत. मग त्यांच्या वाट्याचा दर बाजाराने का ठरवावा? फ्रँक रॅम्से या तरुण गणितज्ञाने १९२८ सालीच लिहिलं होतं, की पुढच्यांचं सुख केवळ पुढचं आहे म्हणून कमी लेखणं नैतिकदृष्ट्या असमर्थनीय आहे आणि ते कल्पनाशक्तीच्या दुबळेपणातून येतं.

या वादाला विज्ञानाने एक भक्कम आधार दिला आहे. तापमान किती वाढणार, हे कार्बन डायऑक्साइडच्या आजवरच्या एकूण उत्सर्जनावर अवलंबून असतं. निव्वळ उत्सर्जन (आपण सोडतो त्यातून आपण काढून घेतो ते वजा करून) शून्यावर आलं की वाढ साधारण थांबते, पण झालेली वाढ कित्येक शतकं उतरत नाही. म्हणजे तापमानवाढीची कोणतीही मर्यादा ठरवली की अजून किती वायू सोडता येईल ही शिल्लक ठरते, आणि आज जाळलेला प्रत्येक टन त्या शिल्लकेतून वजा होतो.

जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने २०२१ मध्ये नेमकं हेच धरलं. तिथल्या हवामान कायद्यात २०३० नंतर काय करायचं याचा पुरेसा तपशील नव्हता. तक्रारदारांत तरुण मुलंमुली होती, बांगलादेश आणि नेपाळमधलेही काही जण होते. एका पिढीने शिल्लकेचा मोठा भाग थोड्या कष्टात वापरून टाकायचा आणि पुढच्यांवर कठोर निर्बंधांची वेळ आणायची, हे त्यांच्या स्वातंत्र्यावरच घाला घालणं आहे, असं न्यायालय म्हणालं. काही महिन्यांतच कायदा बदलला: २०३० पर्यंतच्या कपातीचं लक्ष्य ५५ वरून ६५ टक्क्यांवर गेलं आणि हरितगृह वायूंचं निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचं वर्ष २०४५ ठरलं.