डिस्क उघडली नाही म्हणजे भजनं गेली असं नाही

मे महिन्यातल्या दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून बसलो होतो, तेवढ्यात बाजूच्या खेड्यावरचे एक काकाजी आले, दुपट्ट्यात गुंडाळलेली पोर्टेबल हार्ड डिस्क काउंटरवर ठेवली आन म्हणे, "बाबू, हे लागूनच नाही रायली. माह्या बाबाचे सारे खंजिरी भजनं याच्यातच हायेत." त्यांचे वडील आयुष्यभर गुरुदेव सेवा मंडळात तुकडोजी महाराजांची भजनं म्हणत, दोन वर्षांआधी वारले, आणि आवाज राहिला तो फक्त या डिस्कमध्ये. पुतण्यानं लॅपटॉपला लावली तर विंडोज म्हणे वापरायच्या आधी फॉरमॅट करा. त्यानं बटन दाबलं नाही, काढून ठेवली. त्या पोराचं मला खरंच कौतुक वाटतं, कारण निम्म्या लोकांचा डेटा डिस्क बिघडून जात नाही, त्यानंतर आपण घाबरून जे करतो त्यानं जातो.

त्या मेसेजचा अर्थ फाइली गेल्या असा नसतो. डिस्कवर दोन गोष्टी असतात, एक खुद्द डेटा आणि दुसरं त्याचं रजिस्टर, म्हणजे कोणती फाइल कोणत्या जागी सुरू होते, किती मोठी आहे, नाव काय. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत या रजिस्टरला एमएफटी म्हणतात. तलाठ्याच्या दप्तरातलं पान फाटलं म्हणून वावर कुठं जात नाही, तसंच हे, फक्त विंडोजला वावर कोणाचं ते सांगता येत नाही म्हणून तो नवीन दप्तर करू का विचारतो. क्विक फॉरमॅट केलं तर कोरं रजिस्टर लिहिलं जातं आणि जुना डेटा बराचसा खाली तसाच राहतो, पण फुल फॉरमॅट विंडोज व्हिस्टापासून अख्ख्या डिस्कवर शून्य लिहीत जातं, मग काहीच हाती लागत नाही. चेकडिस्क हे विंडोजचं डिस्क दुरुस्तीचं साधनही सुरुवातीला चालवू नका, ते रजिस्टर नीट करायच्या नादात त्याच आजारी डिस्कवर लिहितं.

मी आधी डिस्क कानाला लावली. आतली तबकडी मिनिटाला साधारण ५४०० गिरक्या घेते आणि वाचणारं हेड तिच्यापासून फक्त काही नॅनोमीटर वर तरंगतं, आपला केस ८०,००० नॅनोमीटरच्या आसपास जाड असतो, म्हणजे विचार करा. म्हणून घरी स्क्रू काढून आत बघायचं नाही, धुळीचा एक कण पुरतो. काकाजींच्या डिस्कमधून टिक-टिक येत होती आणि फिरता फिरता थांबत होती. पण अशी टिक-टिक वीज कमी पडली तरी येते. यूएसबी २ च्या पोर्टमधून ५०० मिलीअँपिअर मिळतात, यूएसबी ३ मधून ९००, आणि तबकडीला पहिली गती द्यायला याहून जास्तही लागू शकतात, त्यात केबल जुनी, पिन ढिली, मग कसं होणार. दुसरी आखूड केबल लावली, निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या पोर्टात टाकली, टिक-टिक बंद झाली आणि एकसारखी घरघर सुरू झाली. पूर्ण वीज देऊनही टिक-टिक राहिली असती तर मी तिथंच हात काढला असता, कारण मग बहुधा हेड गेलेलं असतं आणि ते काम धूळविरहित खोली असलेल्या लॅबचं, ते महाग पडतं, पण आपण चालू-बंद करत राहिलो तर हेड तबकडी खरवडून टाकतं. फ्रीजरमध्ये ठेवायचा जो उपाय फिरतो तो तर करूच नका, बाहेर काढल्यावर आत दव धरतं.

डिस्क फिरली पण उघडली नाहीच. स्मार्ट रिपोर्ट, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते तो तब्येतीचा अहवाल, पाहिला तर १९७ नंबरच्या ओळीत, म्हणजे वाचता न येणाऱ्या आणि निकाल बाकी असलेल्या सेक्टरच्या (डिस्कवरच्या छोट्या कप्प्यांच्या) ओळीत, आकडा वाढलेला. इथं एकच नियम, आजारी डिस्कवर शोधाशोध करायची नाही, आधी तिची जशीच्या तशी नक्कल काढायची आणि पुढचं सगळं नकलेवर. त्यासाठी लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून जीएनयू डीडीरेस्क्यू चालवलं, फुकट आहे आणि माझ्या मते याच्यासारखं दुसरं नाही. ते आधी सोपं सोपं वाचून घेतं, अडलं की उडी मारून पुढं जातं, आणि अडलेल्या जागी शेवटी परत येतं. कुठवर आलो ते एका मॅप फाइलमध्ये लिहून ठेवतं, म्हणून मध्येच लाइन गेली तरी तिथूनच पुढं सुरू होतं, आमच्याकडं ही गोष्ट किती मोलाची ते सांगायला नको. कमांड देताना मात्र जुनी डिस्क कोणती आणि नवी कोणती हे तीनदा तपासा, उलटं झालं तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर लिहिली जाईल. काम रात्री केलं, कारण दिवसा पारा ४५ च्या वर आणि पोर्टेबल डिस्कला एवढी गरमी सोसत नाही. कूलरसमोर नाही ठेवली, ओल नको म्हणून, टेबल फॅन लावला. ५०० जीबीला दोन रात्री लागल्या.

मग नकलेवर टेस्टडिस्क चालवलं, ते बिघडलेलं रजिस्टर सावरायचा प्रयत्न करतं. रजिस्टर कुठं आहे ते सांगणारा एनटीएफएसचा पहिला सेक्टर म्हणजे बूट सेक्टर, त्याची एक प्रत पार्टिशनच्या शेवटी असते, ती ठीक असेल तर कधी कधी पाच मिनिटांत सगळं नावासकट उघडतं. इथं उघडलं नाही, एमएफटीचाच तुकडा गेला होता. म्हणून फोटोरेक हा दुसरा प्रोग्राम लावला. नाव फोटोचं असलं तरी ते गाणीही शोधतं, रजिस्टरकडं बघतच नाही, डेटा वाचत जातं आणि फाइलीची खूण ओळखतं, जेपीजी फोटो एफएफ डी८ एफएफ या बाइटनी सुरू होतो, बऱ्याच एमपी३ च्या तोंडाशी आयडी३ अशी अक्षरं असतात. फाइल तुकड्यातुकड्यांत विखुरली असेल तर ती अर्धवट निघते, आणि नावं तर मिळतच नाहीत, सगळ्या एफ आणि पुढं लांबलचक आकडा.

काकाजींना बोलावलं. एकेक फाइल लावायची, खंजिरीचे दोन-तीन ठोके पडले की ते डोळे मिटून भजन सांगायचे, कोणाच्या घरी म्हटलं तेही सांगायचे, आणि मी नाव टाइप करायचो. काही मध्येच तुटलेल्या होत्या, त्याही त्यांनी ठेवायला लावल्या. संध्याकाळी एका फाइलीत भजन नव्हतंच, वडील नुसतं कोणाला तरी म्हणत होते, "माइक जरा इकडं कर." काकाजी म्हणे, "ह्याले नाव बाबा दे."