दाढ काढली, सुई टोचली. वेदना कुणी थांबवली?

"ॲक्युपंक्चरने शरीरात एंडॉर्फिन सुटतं, हे विज्ञानाने सिद्ध केलंय." एंडॉर्फिन म्हणजे शरीराने स्वतःच बनवलेलं वेदनाशामक. हे वाक्य इतक्या ठिकाणी छापून येतं की शंका घेणारा माणूसच हटवादी वाटावा. गंमत म्हणजे ते बरंचसं खरं आहे. चुकतो तो त्यातून काढलेला 'म्हणजे सुईच्या जागेतच काही विशेष आहे' हा निष्कर्ष, आणि ती चूक पकडून दिली अक्कलदाढेने.

वेदनाशामकांच्या संशोधकांची ही दाढ फार लाडकी. ती काढून घेणारे बहुतेक जण तरुण आणि एरवी धडधाकट असतात. रुतलेल्या दाढेसाठी हिरडी कापावी लागते, कधी हाड कोरावं लागतं, आणि भूल उतरली की काही तासांत ठणका चढत जातो. औषध चालतं की नाही हे तपासायला याहून सोयीची वेदना मिळणं कठीण.

१९९९ साली लाओ आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत अशा ३९ रुग्णांवर प्रयोग केला. काहींना खऱ्या सुया टोचल्या, काहींना टोचल्याचा फक्त आभास दिला. मध्यम दुखणं सुरू व्हायला खऱ्या गटात सरासरी १७३ मिनिटं लागली, खोट्या गटात ९४. ॲक्युपंक्चरचे पुरस्कर्ते गोष्ट इथे थांबवतात.

आपण जरा एंडॉर्फिनच्या मागे जाऊ. जबड्यातला वेदनेचा संदेश ट्रायजेमिनल मज्जातंतूवाटे मेंदूच्या देठातल्या एका केंद्रकात पोचतो आणि तिथल्या पेशी तो वर पाठवतात. पण मेंदू नुसता ऐकून घेत नाही. मध्यमेंदूतून एक वाट खाली लंबमज्जेत, म्हणजे देठाच्या तळाशी, आणि तिथून त्या केंद्रकापर्यंत येते. ती चालू झाली की येणारा संदेश तिथेच क्षीण होतो. ही वाट एरवी बंद असते, कारण तिला दाबून धरणाऱ्या पेशी असतात. एंडॉर्फिनच्या कुळातली रसायनं या दाबणाऱ्या पेशींनाच दाबतात. म्हणजे ब्रेकला ब्रेक! ही रसायनं पेशींवरच्या ज्या जागांवर बसतात त्यांना ग्राही म्हणतात; मॉर्फिनही याच ग्राहींवर बसतं, आणि नॅलोक्सोन नावाचं औषध ते ग्राही अडवून ठेवतं.

१९७७ मध्ये मेयर, प्राइस आणि राफी यांनी अंगठा व तर्जनी यांच्यामधल्या 'हेगू' या ॲक्युपंक्चरच्या बिंदूवर सुया टोचल्या. दाताची वेदना जाणवू लागण्याची पातळी वाढली, आणि नॅलोक्सोन देताच तो फायदा गेला. झालं, सिद्ध!

पुढच्याच वर्षी लेव्हीन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी अक्कलदाढ काढलेल्यांना औषध म्हणून चक्क निष्क्रिय द्रावण टोचलं. काहींना त्याने आराम पडला. मग नॅलोक्सोन दिल्यावर नेमक्या त्यांचंच दुखणं वाढलं. ॲक्युपंक्चरची सुई नाही, हेगू नाही, तरी तीच वाट उघडली होती. 'आता बरं वाटणार' ही अपेक्षा तिला पुरली. (प्लासिबो म्हणजे असा निष्क्रिय उपचार. प्लासिबोच्या सगळ्याच परिणामांना नॅलोक्सोन अडवत नाही, पण तो वेगळा विषय.) तेव्हा एंडॉर्फिन सुटलं एवढ्यावरून सुईच्या जागेत काही विशेष आहे हे ठरत नाही.

२००५ मध्ये बॉसेल, लाओ आणि सहकाऱ्यांनी दाढेच्या रुग्णांना आणखी एक प्रश्न विचारला: तुम्हाला खऱ्या सुया मिळाल्या असं वाटतं का? खरं आणि खोटं ॲक्युपंक्चर यांतला फरक लक्षणीय निघाला नाही. ज्यांना आपल्याला खऱ्या सुया मिळाल्या असं वाटत होतं, त्यांनी मात्र कमी दुखल्याचं सांगितलं, मग प्रत्यक्षात काहीही मिळालेलं असो. दोन्ही प्रयोगांत लाओ आहेत, हे मला विशेष आवडतं.

ॲक्युपंक्चर ज्यावर उभं आहे ती 'ची' नावाची ऊर्जा आणि तिच्या वाहिन्या तर कुठल्याच शवविच्छेदनात सापडलेल्या नाहीत. पण म्हणून आराम पडलेल्या माणसाला खोटारडा ठरवणंही अडाणीपणाच. त्याची वेदना खरोखर कमी झालेली असते.

तरी पहिल्या रात्रीसाठी मी डॉक्टरांनी दिलेली आयबुप्रोफेनची गोळीच निवडेन. ती जखमेतच प्रोस्टाग्लँडिन, म्हणजे दुखणं वाढवणारं रसायन, तयार होणं कमी करते आणि त्यासाठी तिच्यावर विश्वास असावा लागत नाही. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठणका कमी होण्याऐवजी वाढला, तर बहुधा दाढेच्या खळीतली रक्ताची गुठळी निघून हाड उघडं पडलेलं असतं. तेव्हा सुया शोधत बसू नये, सरळ दंतवैद्य गाठावा.