'से' आणि कैफियत: लवादाचा हक्क नेमका कुठे जातो

समजा, मिरजेच्या एका ठेकेदारानं कुपवाड एमआयडीसीत शेड बांधली. शेवटची दोन बिलं अडकली आहेत, सेंट्रिंगच्या प्लेटा अजून साइटवरच आहेत. करारात स्पष्ट लिहिलंय, वाद झाला तर लवाद नेमायचा, म्हणजे कोर्टाऐवजी दोघांनी मान्य केलेल्या त्रयस्थाकडून निवाडा घ्यायचा. पण मालकानं आधीच सांगलीच्या कोर्टात दावा लावला: काम निकृष्ट आहे, नुकसानभरपाई द्या, आणि निकाल लागेपर्यंत ठेकेदाराला साइटवर यायला मनाई करा.

आता ठेकेदाराच्या सहीचे दोन कागद कोर्टात जाऊ शकतात. बोलताना दोन्हींना 'म्हणणं दिलं' असंच म्हणतात, आणि घोटाळा तिथेच होतो.

पहिला कागद म्हणजे मनाई अर्जावरचा 'से', म्हणजे त्या अर्जाला दिलेलं लेखी उत्तर. त्यात फक्त तात्पुरत्या हुकुमाला विरोध असतो. तो दिल्यानं लवादाचा हक्क जात नाही. 2011 साली बूझ अ‍ॅलन विरुद्ध एसबीआय होम फायनान्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे स्वच्छ सांगितलं: अंतरिम हुकूम टाळण्यासाठी दिलेलं उत्तर म्हणजे वादाच्या मुळावरचं निवेदन नव्हे. त्या खटल्यात तर नंतर बरेच महिने तडजोडीची बोलणी चालली होती. तरीही हक्क सोडला असं न्यायालयानं धरलं नाही. त्यामुळे 'से दिला, आता लवाद विसरा' असं कुणी सांगितलं, तर घाबरून जाऊ नका. माझा आग्रह एवढाच, की 'लवादाचा हक्क राखून हे म्हणणे देत आहे' ही एक ओळ 'से'मध्ये असू द्या.

दुसरा कागद म्हणजे कैफियत, म्हणजे मूळ दाव्याला दिलेलं लेखी उत्तर, आणि खरी काळजी इथे घ्यायची. लवाद कायदा 1996 च्या कलम 8 प्रमाणे, वाद लवादाकडे पाठवा असा अर्ज मूळ वादावरचं पहिलं निवेदन देण्याच्या दिवसापर्यंतच करता येतो. म्हणजे कैफियतीच्या आधी, फार तर त्याच दिवशी. सोबत मूळ करार किंवा त्याची प्रमाणित प्रत लागते. अर्ज न करता कैफियत दिली, की तुम्ही कोर्ट मान्य केलं.

ठेकेदार अडकतात ते बहुतेक प्रतिदाव्यात, म्हणजे त्याच दाव्यात मालकावर केलेल्या उलट मागणीत. पैसे थकलेले, मजुरांची देणी डोक्यावर. मग वाटतं, कोर्टात आलोच आहोत तर बिलाची रक्कमही इथेच मागू. ही घाई मला समजते. पण कैफियतीत बिलाचा प्रतिदावा टाकणं म्हणजे याच कोर्टानं वाद मिटवावा असं स्वतःच्या सहीनं सांगणं. मेजरमेंट बुक, म्हणजे कामाच्या मोजमापाची वही, वाचू शकणारा अभियंता लवाद म्हणून मिळाला असता, ती वाट तिथे बंद होते.

कागदाच्या नावावरही विसंबू नका. दुसऱ्या कुठल्या अर्जातून वा प्रतिज्ञापत्रातून कोर्टापुढेच वाद चालवायची तयारी दिसली, तर तेही कैफियतीसारखंच धरलं जाऊ शकतं.

आणखी एक गोष्ट राहून जाते. कलम 8 च्या अर्जानं मालकाचा दावा लवादाकडे जातो. तुमच्या बिलाची मागणी तुम्हालाच करावी लागते. त्यासाठीची 3 वर्षांची मुदत चालूच असते. अर्ज प्रलंबित असतानाही लवाद सुरू करता येतो, म्हणून वाद लवादाकडे न्यायचा असं मालकाला कळवणारी कलम 21 ची नोटीस लगेच पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. नोटीस समोरच्याला ज्या दिवशी मिळते, त्या दिवशी लवाद सुरू झाला असं कायदा धरतो.