महासागरविज्ञानातील आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण व सहकार्य (कोकण किनाऱ्याच्या संदर्भात)

समुद्राची निरीक्षणे निरनिराळ्या देशांनी एकाच पद्धतीने घ्यावीत, ती एकमेकांना खुली ठेवावीत आणि हे काम जाणणारी माणसे प्रत्येक किनाऱ्यावर तयार व्हावीत, यासाठी उभारलेल्या मोहिमा, अभ्यासक्रम व संस्था यांचा समावेश या विषयात होतो. हर्णैला किंवा मालवणला किनाऱ्याशी येणाऱ्या पाण्याचे तापमान, लवणता आणि त्यात विरघळलेला प्राणवायू यांचा संबंध सोमालिया व ओमानच्या किनाऱ्यांपर्यंत पसरलेल्या अरबी समुद्राशी असल्याने कोकणापुरती मोजमापे कितीही काटेकोर घेतली, तरी ती अपुरीच पडतात.

या सहकार्याचा पाया 1959 ते 1965 या काळातील आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेने घातला. चौदा देशांची चाळीसहून अधिक जहाजे तीत उतरली होती. भारताकडून नौदलाची ‘किस्टना’ होती, तशीच ‘बांगडा’ नावाची मच्छीमार नौकाही होती. कोकणी वाचकाला ते नाव ओळखीचे वाटल्यावाचून राहणार नाही. मात्र प्रशिक्षणाच्या दृष्टीने या मोहिमेत सर्वांत महत्त्वाचे ठरले ते एक जाळे. प्रत्येक देशाने आपापल्या मापाच्या जाळ्याने प्लवक (पाण्यासोबत वाहणारे सूक्ष्म जीव) गोळा केले असते, तर त्या नमुन्यांची तुलनाच करता आली नसती. म्हणून एकाच घडणीचे जाळे ठरवून ते 200 मीटर खोलीपासून पृष्ठभागापर्यंत उभे ओढावे, असा दंडक घालण्यात आला. जमलेले नमुने कोचीच्या जीवशास्त्रीय केंद्रात आले आणि ते निवडण्याचे चिकाटीचे काम परदेशी तज्ज्ञांच्या हाताखाली भारतीय तरुण शिकले. मोहीम संपताच, 1 जानेवारी 1966 रोजी, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे मुख्यालय गोव्यात दोनापावल येथे असून मुंबईत प्रादेशिक केंद्र आहे. पुढे दुसऱ्या हिंदी महासागर मोहिमेची सुरुवातही गोव्यातच झाली आणि डिसेंबर 2015 मध्ये ‘सागर निधी’ हे संशोधन जहाज तेथून मॉरिशसकडे निघाले.

जहाजावरच्या शिक्षणाला आता किनाऱ्यावरच्या वर्गाची जोड मिळाली आहे. हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रात 2013 पासून आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र चालते. हिंदी महासागराभोवतालच्या देशांतील प्रशिक्षणार्थींना तेथे उपग्रहचित्रे वाचणे, निरीक्षणांतील चुका हुडकणे आणि संगणकीय प्रारूपांवरून समुद्रस्थितीचा अंदाज बांधणे शिकवले जाते. या प्रशिक्षणाला सामग्री पुरते ती सामायिक निरीक्षणजाळ्यांमुळे. ‘आर्गो’ प्रकल्पाचे तरंगक, म्हणजे समुद्रात सोडलेली स्वयंचलित मापनयंत्रे, साधारणपणे दर दहा दिवसांनी 2,000 मीटर खोलीवरून वर येतात, येताना तापमान व लवणता नोंदवतात आणि ती नोंद कोणत्याही देशाच्या अभ्यासकाला मोफत मिळते. कोकणपट्टीच्या उत्तर भागात, मुंबईच्या अपोलो बंदरावर, 1878 पासून भरती-ओहोटीची नोंद होत आली आहे. हिंदी महासागराची पातळी किती वाढली, हे सांगताना जगभरचे अभ्यासक या नोंदीचा आधार घेतात.

सामान्य कोकणी माणसाला हे सहकार्य जाणवते ते मात्र वादळाच्या वेळी. उत्तर हिंदी महासागरातील चक्रीवादळांची नावे सदस्यदेशांनी सुचवलेल्या सामायिक यादीतून दिली जातात. 3 जून 2020 रोजी रायगड व रत्नागिरीतल्या बागा आडव्या करणाऱ्या ‘निसर्ग’चे नाव बांगलादेशाचे आणि पुढच्या वर्षीच्या ‘तौक्ते’चे म्यानमारचे. नावांपेक्षा मोलाचे असे की, या देशांचे हवामानतज्ज्ञ दिल्लीच्या प्रादेशिक केंद्रात अंदाज वर्तवण्याचे प्रशिक्षण घेतात.

स्थानिक मनुष्यबळ घडवणाऱ्या संस्थाही किनाऱ्यावर आहेत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय 1981 पासून रत्नागिरीजवळ शिरगावला आहे, तर मुंबईची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था 1961 पासूनची. तरीही ही साखळी बंदरापाशी येऊन थोडी सैल होते, असे म्हणावे लागते. संभाव्य मासेमारी क्षेत्राची सूचना पाण्याचे तापमान व हरितद्रव्य पाहणाऱ्या उपग्रहांच्या नोंदींवरून काढली जाते आणि तीत बंदरापासूनचे अंतर, दिशा व खोली दिलेली असते. खोली मीटरमध्ये असते. जुना तांडेल, म्हणजे मच्छीमार नौकेचा म्होरक्या, ती वावांत मोजतो. हा हिशेब सोपा आहे, कारण एक वाव म्हणजे सुमारे 1.8 मीटर. परंतु कोणत्या वावावर कोणत्या महिन्यात पाणी गार लागते आणि तेथे बांगडा मिळतो की करली, हे तांडेलाचे ज्ञान उलट दिशेने, म्हणजे बंदराकडून प्रयोगशाळेकडे, नेणारी पद्धत अद्याप तितकी रुळलेली नाही.