रोजचं ध्यान

रोजचं ध्यान म्हणजे दिवसातून एकदा-दोनदा, ठरलेल्या वेळी, थोडा वेळ बसून लक्ष एका साध्या गोष्टीवर टेकवायचा सराव. ही गोष्ट बहुतेक वेळा श्वास असते, कारण तो कुठे शोधायला जावं लागत नाही, पण मंत्र, आजूबाजूचे आवाज, अंगावरच्या संवेदना, काहीही चालतं. इथे फक्त मन जरा शांत राहावं म्हणून केल्या जाणाऱ्या ध्यानाबद्दल लिहिलंय, समाधी, मोक्ष वगैरे फार मोठा विषय आहे, तो वेगळा.

पद्धत दोन ओळीत सांगून होते. पाठ ताठ पण आखडलेली नाही असं बसायचं, खुर्चीवर बसलं तरी काही बिघडत नाही, डोळे मिटायचे किंवा अर्धे उघडे ठेवायचे, आणि नाकपुड्यांपाशी किंवा पोटाशी जिथे श्वास जाणवतो तिथे लक्ष ठेवायचं. चार-पाच श्वास होतात न होतात तोच मन पळतं, राहिलेलं काम, कोण काय बोललं, उद्या काय करायचं, आणि बऱ्याच वेळाने लक्षात येतं की अरे आपण भलतीकडेच आहोत. लक्षात आलं की स्वतःवर न चिडता परत श्वासावर यायचं, बास. नवीन माणूस इथेच "मला नाही जमत बुवा" म्हणून उठतो, त्याला वाटतं डोकं रिकामं व्हायला हवं होतं. पण पळालेलं मन परत आणणं हाच तर सगळा व्यायाम, ते पळालंच नाही तर सराव कशाचा करणार. गीतेच्या सहाव्या अध्यायातला 26वा श्लोक हेच सांगतो, मन जिकडे जिकडे जाईल तिकडून त्याला आवरून परत आणावं. आणि 34व्या श्लोकात अर्जुन तक्रार करतो की मनाला आवरणं वाऱ्याला आवरण्याइतकं कठीण आहे, तेव्हा श्रीकृष्ण पुढच्याच श्लोकात ते मान्य करतात आणि अभ्यास, म्हणजे सततचा सराव, व वैराग्य हे दोन उपाय सांगतात. म्हणजे ही तक्रार मोबाइलच्या कितीतरी आधीची आहे.

शांतता येते ती थोडी शरीराच्या बाजूनेही येते. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना किंचित मंदावतात, यात व्हेगस नावाच्या नर्व्हचा मोठा हात असतो, त्यामुळे श्वास सावकाश आणि सोडायला जरा जास्त वेळ घेतला की मनात गोंधळ चालू असतानाही अंग आधी सैल पडायला लागतं.

आता खरा प्रश्न रोज बसण्याचा. पतंजलींच्या योगसूत्रात (1.14) अभ्यास पक्का व्हायला तीन गोष्टी लागतात असं म्हटलंय, दीर्घ काळ, खंड न पाडता आणि आदराने. यात एका बैठकीला किती वेळ बसायचं ते नाहीच, आणि लोक नेमके तिथेच अडतात. पहिल्या दिवशी उत्साहात अर्धा तास, दुसऱ्या दिवशी पाय दुखतात, आठवड्याने सगळं बंद. त्यापेक्षा पाच मिनिटं धरावीत, कंटाळा आला असेल त्या दिवशीसुद्धा होतील एवढीच, आणि ती आधीपासून असलेल्या सवयीला जोडावीत, म्हणजे दात घासले की बसायचं, आंघोळ झाली की बसायचं, रोज वेळ शोधत बसलं तर वेळ सापडत नाही. टायमर लावावा, नाहीतर निम्मं ध्यान घड्याळाचंच होतं. सवयींवरचा लंडनमधला एक अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला, खाणं-पिणं आणि व्यायाम यांच्या सवयींवरचा होता तो, ध्यानावरचा नाही, पण कामाचा आहे. त्यात सवय अंगवळणी पडायला मध्यक (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) 66 दिवस निघाले आणि माणसागणिक फरक 18 ते 254 दिवस इतका मोठा, म्हणून '21 दिवसांत सवय' वगैरेवर फार जाऊ नये. एखादा दिवस चुकला तर विशेष फरक पडत नाही हेही त्यात दिसलं. चुकलेल्या दिवसाची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट बसायची मात्र गरज नाही, त्याने ध्यान शिक्षा वाटायला लागतं.

बौद्ध परंपरेत ध्यानातल्या अडथळ्यांना नीवरणं म्हणतात आणि ती पाच आहेत: सुखाची ओढ, राग, सुस्ती, चलबिचल आणि शंका. सुस्ती सगळ्यांना ओळखीची, डोळे मिटले की झोप, त्यावर डोळे उघडावेत, उभं राहावं किंवा चालत ध्यान करावं, आणि रोजच झोप लागत असेल तर बहुधा झोपच कमी पडतेय. शंका जास्त चिवट, 'याने काही होतंय का' ही, ती साधारण सुरुवातीचा उत्साह ओसरला की येते.

होतं का काही, तर हो, पण जाहिरातीत सांगतात तेवढं नाही. जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात ध्यानाचा एक कोर्स सुरू केला, तो आता 8 आठवड्यांचा असतो, त्यात घरी रोज साधारण 45 मिनिटं सराव असतो, आणि तिथून हा विषय दवाखान्यांत आणि संशोधनात शिरला. 2014 मध्ये 47 चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या तेव्हा चिंता, नैराश्य आणि वेदना यांत सुधारणा होते याचा मध्यम प्रतीचा पुरावा मिळाला, पण औषधं किंवा व्यायामापेक्षा ध्यान सरस आहे असं काही दिसलं नाही.

सगळ्यांना ते मानवतंच असंही नाही. मोठा मानसिक आघात झालेल्या किंवा पॅनिक अटॅक येणाऱ्या काहींना डोळे मिटून श्वासाकडे बघितलं की अस्वस्थता उलट वाढते. अशा वेळी रेटून बसू नये, डोळे उघडावेत, पाय जमिनीवर टेकल्याचं जाणवून घ्यावं, लक्ष आवाजांवर न्यावं, तरी त्रास राहिला तर थांबावं आणि डॉक्टरांशी बोलावं. चालू असलेली औषधं ध्यान सुरू केलं म्हणून आपल्या मनाने बंद करू नयेत, आणि दिवसभर मौन ठेवून बसायची लांब शिबिरं घरचा सराव नीट बसल्यावरच करावीत.