मार्गो रॉबी आणि समारा वीव्हिंग: गफलत नेमकी कुठे होते?

"मार्गो रॉबीचा तो सिनेमा कुठला, ज्यात नवरी पांढऱ्या गाउनमध्ये रक्तानं माखलेली असते?" हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारला आहे. तो सिनेमा मार्गो रॉबीचा नाहीच. तो 'रेडी ऑर नॉट', २०१९ चा, आणि त्यातली नवरी समारा वीव्हिंग. दोघी ऑस्ट्रेलियन, सोनेरी केसांच्या, मोठ्या डोळ्यांच्या, तोंडभर हसणाऱ्या. दोघी जवळपास एकाच सुमारास रोजच्या मालिकांमधून पुढे आल्या. चेहऱ्यांत घोटाळा होणं साहजिक आहे. मला वाईट वाटतं ते एवढ्याचंच की हा घोटाळा नेहमी एकाच दिशेनं होतो. समाराला लोक मार्गो समजतात. मार्गोला समारा समजणारं कुणी मला अजून भेटलेलं नाही. म्हणजे एका चांगल्या अभिनेत्रीची मेहनत दुसरीच्या नावावर जमा होत राहते.

आधी नावं. मार्गोच्या नावातला शेवटचा 'ट' उच्चारत नाहीत, त्यामुळे आपल्याकडे कधी कधी छापलं जाणारं 'मार्गोट' चुकीचं. तिचा जन्म २ जुलै १९९० चा, क्वीन्सलँडमधल्या डॅल्बी या गावचा. वाढली गोल्ड कोस्टच्या बाजूला. आईनं चार मुलांना एकटीनं वाढवलं. घरात सिनेमाशी कुणाचा संबंध नव्हता, आणि शाळकरी वयात मार्गोनं हाताला येतील ती कामं केली, सँडविचच्या दुकानातसुद्धा. सतराव्या वर्षी ती अभिनयासाठी मेलबर्नला गेली.

समारा तिच्याहून दीड वर्षानं लहान. २३ फेब्रुवारी १९९२, ॲडलेड. पण बालपण ऑस्ट्रेलियात फारसं गेलंच नाही. फिजी, सिंगापूर, इंडोनेशिया असा मुक्काम हलत राहिला आणि २००५ मध्ये कुटुंब कॅनबेराला स्थिरावलं. वडील सायमन वीव्हिंग चित्रपटक्षेत्रातले. काका तर आपण सगळ्यांनी पाहिलेले: 'द मेट्रिक्स'मधला काळ्या चष्म्याचा एजंट स्मिथ, म्हणजे ह्यूगो वीव्हिंग. आडनाव लक्षात ठेवलं तरी अर्धा गोंधळ मिटतो.

उरलेला अर्धा मिटवायला मालिकांकडे वळावं लागतं, आणि इथली गोष्ट मला सगळ्यात रंजक वाटते. कारण ज्या दोन मालिकांनी या दोघींना घडवलं, त्या मालिकाच लोक एकमेकींच्या जागी सांगतात. 'नेबर्स' आणि 'होम अँड अवे'. पहिली मेलबर्नच्या एका उपनगरातल्या बंद गल्लीची, रॅम्से स्ट्रीटची. दुसरी समर बे नावाच्या काल्पनिक किनारी गावाची, जिचं बाहेरचं चित्रीकरण सिडनीजवळच्या पाम बीचवर होतं. गल्ली दिसली तर 'नेबर्स', समुद्र दिसला तर 'होम अँड अवे', एवढी खूण पुरे.

त्या इतक्या सारख्या का, याला कारण आहे. 'नेबर्स' १९८५ मध्ये सेव्हन नेटवर्क या ऑस्ट्रेलियन वाहिनीनं सुरू केली आणि त्याच वर्षी बंदही केली. टेन नेटवर्कनं ती उचलली, आणि बघता बघता तीच मालिका देशभर आणि ब्रिटनमध्येही गाजली. पुढे गायिका म्हणून गाजलेली कायली मिनोग याच मालिकेतून घराघरांत पोचली. सेव्हनला हातची गेलेली लक्ष्मी दिसत होती. त्यांना तसंच काहीतरी स्वतःचं हवं होतं, आणि १९८८ च्या जानेवारीत 'होम अँड अवे' आली. म्हणजे दुसरीचा जन्मच पहिलीनं सोडलेली पोकळी भरायला झाला.

आता योगायोग पाहा. मार्गो 'नेबर्स'मध्ये २००८ मध्ये आली, एका गायक मुलाच्या मागे लागलेल्या वेड्या चाहतीच्या, डॉना फ्रीडमनच्या भूमिकेत. पाहुणी म्हणून आलेली डॉना तिनं अशी रंगवली की तिला कायमच्या कलाकारांत घेतलं. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये 'नेबर्स' बीबीसीच्या हातून दुसऱ्या वाहिनीकडे गेली. बीबीसीनं तिची जागा भरायला सिडनीच्या मॅनली भागात घडणारी 'आउट ऑफ द ब्लू' ही नवी मालिका बनवून घेतली. तिच्यात एक सोळा वर्षांची मुलगी पहिल्यांदाच मोठ्या कामात दिसली. ती समारा. ती मालिका टिकली नाही. पुढच्याच वर्षी समारा 'होम अँड अवे'त इंडी वॉकर झाली आणि २०१३ पर्यंत राहिली. दोन्ही वेळा तिला काम मिळालं ते 'नेबर्स'च्या जागी उभ्या केलेल्या मालिकेत! चेहऱ्यावरून 'दुसरी मार्गो' म्हणवून घेण्याच्या कितीतरी आधी.

या मालिका आठवड्याला पाच भाग दाखवत. आपल्याकडे मालिकावाले भागांची 'बँक' तयार ठेवण्यासाठी कसे धावतात हे ज्यांनी जवळून पाहिलंय, त्यांना ही धावपळ समजावून सांगायला नको. रोज नवं पाठांतर, रोज रडणं किंवा भांडणं, आणि पुन्हा पुन्हा टेक घ्यायला वेळ नाही. ऑस्ट्रेलियन कलाकार हॉलिवूडमध्ये इतके का टिकतात असं कुणी विचारलं तर मी या मालिकांकडे बोट दाखवते. हीथ लेजर आणि क्रिस हेम्सवर्थ 'होम अँड अवे'तलेच.

तालीम सारखी, वाटा मात्र पार वेगळ्या. मार्गो जानेवारी २०११ मध्ये 'नेबर्स'मधून बाहेर पडली आणि अमेरिकेत 'पॅन ॲम' ही हवाई सुंदऱ्यांवरची मालिका तिला मिळाली. ती १४ भागांतच आटोपली. मग मार्टिन स्कोर्सेसींच्या 'द वुल्फ ऑफ वॉल स्ट्रीट'च्या चाचणीत तिनं संहितेत नसताना लिओनार्डो डिकॅप्रियोच्या मुस्काटात दिली, हा किस्सा तिनंच मुलाखतींमधून सांगितला आहे. भूमिका तिला मिळाली. २०१३ च्या त्या सिनेमानं तिला एका रात्रीत 'सुंदर बायको'च्या चौकटीतही बसवलं. तिनं ती चौकट मोडली ती निर्माती होऊन. २०१४ मध्ये तिनं तीन साथीदारांबरोबर 'लकीचॅप' ही कंपनी काढली. त्यांतला टॉम ॲकर्ली पुढे तिचा नवरा झाला. 'आय, टोन्या'मध्ये ती बर्फावर स्केटिंग करणारी टोन्या हार्डिंग झाली आणि ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचली. 'मेरी क्वीन ऑफ स्कॉट्स'मध्ये देवीच्या रोगाच्या व्रणांनी भरलेली राणी एलिझाबेथ झाली. तिथं तिला ओळखायलाच वेळ लागतो. 'प्रॉमिसिंग यंग वूमन' तिच्या कंपनीनं काढला, पण प्रमुख भूमिका केरी मलिगनला दिली. मला हे फार मोठं वाटतं. आणि २०२३ चा 'बार्बी': जगभरात १४० कोटी डॉलरच्या वर कमाई. अभिनेत्री म्हणून तिला त्या वर्षी ऑस्करचं नामांकन नव्हतं, निर्माती म्हणून होतं.

समाराकडे अशी कंपनी नव्हती. तिनं भयपट धरला आणि त्यातही हसू फुटेल असा. 'द बेबीसिटर'मधली गोड दिसणारी, मुलांना सांभाळणारी आणि रात्री सैतानाची पूजा करणारी बी आठवा. त्याच वर्षी, २०१७ मध्ये, 'थ्री बिलबोर्ड्स'मधली एकोणीस वर्षांची भाबडी पेनेलपी; दोन-तीन प्रसंगांची भूमिका, पण त्या काळोख्या गोष्टीत ती आली की श्वास मोकळा होतो. आणि मग 'रेडी ऑर नॉट'. सासरी पहिल्याच रात्री लपंडाव खेळायला लावतात, आणि सापडली तर जीव जाणार. गाउन फाटत जातो, खाली पिवळे कॅनव्हासचे बूट. साधारण ६० लाख डॉलरमध्ये बनलेल्या या सिनेमानं साडेपाच कोटींहून जास्त कमावले.

ओळखायची माझी खूण तिथेच आहे. मार्गो भूमिकेसाठी चेहरा बदलते: नाक, विग, बोलण्याची ढब. समारा चेहरा तोच ठेवते आणि त्याची घडी विस्कटू देते. तिची किंकाळी चिरकी, घोगरी, अजिबात देखणी नसलेली असते. भीती, राग आणि हसू तिच्या चेहऱ्यावर एकाच क्षणी येतात. २०२४ च्या 'अझ्राएल'मध्ये तर माणसांनी बोलणंच सोडलेलं आहे. जवळजवळ संवाद नसताना तिनं सगळा सिनेमा खांद्यावर पेलला.

तरी खात्री पटत नसेल तर २०२२ चा 'बॅबिलॉन' लावा. दिग्दर्शक डेमियन शझेलनं दोघींना एकत्र आणलंय. मूकपटांचा काळ, दोन नट्या. एकीचं नाव झालेलं आहे. दुसरी ऐन वेळी कुणाच्या तरी जागी उभी राहते आणि कॅमेऱ्याचं सगळं लक्ष ओढून घेते. बदली आलेली ती नेली लरॉय म्हणजे मार्गो. आणि जिच्याकडून उजेड सरकतो, ती आधीची तारका कॉन्स्टन्स मूर, म्हणजे समारा.