अमेरिकेत ज्युरी ड्युटीचे पत्र आले? पात्रता, कागदपत्रे आणि वंशावरून वगळण्याविरुद्धचा कायदा

नागरिकत्वाची शपथ झाली, मतदार यादीत नाव लागले, की कधीतरी टपालातून कोर्टाचे पाकीट येते: ज्युरीत, म्हणजे खटल्याचा निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या गटात, बसण्याचे बोलावणे. यासाठी अर्ज करावा लागत नाही, आणि आलेले पत्र बाजूला टाकूनही चालत नाही.

पात्रता (फेडरल, म्हणजे केंद्रीय, कोर्ट)
अमेरिकेचे नागरिकत्व, वय १८ पूर्ण, त्या न्यायिक जिल्ह्यात वर्षभर वास्तव्य आणि कामापुरते इंग्रजी. मराठी वळणाचे उच्चार चालतात. वर्षाहून जास्त कैद होऊ शकेल असा खटला चालू असेल, तर नाव बाद. राज्यांच्या कोर्टांचे नियम थोडे वेगळे असतात. काही राज्ये ड्रायव्हिंग लायसन्सच्या याद्याही वापरतात, त्यामुळे ग्रीन कार्डवाल्यांनाही पत्र येते. त्यांनी ‘नागरिक नाही’ एवढे कळवावे. चुकूनही ‘नागरिक आहे’ लिहू नये. पुढे इमिग्रेशनमध्ये ते भलतेच महागात पडते.

कागदपत्रे
भरलेली प्रश्नावली (फेडरल कोर्टात साधारण १० दिवसांत), समन्स, फोटो ओळखपत्र. सूट हवी असेल तर कारणाचा पुरावा, उदाहरणार्थ डॉक्टरांचे पत्र.

प्रश्नावलीत वंशाचा रकाना असतो. आपली मंडळी तो संशयाने कोरा सोडतात. मात्र निवडीत भेदभाव होतो का, हे तपासण्यापुरताच तो आहे. पात्रतेशी त्याचा संबंध नाही. तो भराच.

निवडीत वगळले तर
वकिलांना ज्युरीसाठी बोलावलेले काही उमेदवार कारण न देता वगळता येतात, आणि खरी गोम इथेच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८६ च्या बॅटसन निकालाने वंशावरून असे वगळायला बंदी घातली. विरुद्ध बाजूने संशय दाखवायचा, वगळणाऱ्याने वंशाशी संबंध नसलेले कारण द्यायचे, मग ते खरे की बहाणा हे न्यायाधीशांनी ठरवायचे. बहाणे मात्र वकिलांना सहज सुचतात. जॉर्जियातल्या फॉस्टर खटल्यात सरकारी वकिलांच्या यादीत कृष्णवर्णीय उमेदवारांची नावे हिरव्या हायलायटरने रंगवलेली निघाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आरोपीच्या बाजूने कौल दिला, तोवर खटल्याला जवळपास तीस वर्षे झाली होती. मिसिसिपीत कर्टिस फ्लॉवर्सवर सहा वेळा खटला चालला. त्यात ४२ पैकी ४१ कृष्णवर्णीय उमेदवार सरकारी बाजूने वगळले होते.

म्हणून कॅलिफोर्नियाने २०२२ पासून फौजदारी खटल्यांत नियम कडक केला. तिथे भेदभावाचा हेतू सिद्ध करावा लागत नाही. ‘मातृभाषा इंग्रजी नाही’ किंवा ‘दुसरी भाषा येते’ ही कारणे तर मुळातच अवैध धरली जातात, म्हणजे हा नियम आपल्याही कामाचा. ॲरिझोनाने त्याच वर्षी कारण न देता वगळण्याची सोयच काढून टाकली.

आक्षेप तुम्ही नोंदवायचा नसतो. तो पक्षकाराचा वकील घेतो, कॅलिफोर्नियात न्यायाधीश स्वतःहूनही घेऊ शकतात, आणि तो ज्युरीची शपथ होण्याआधीच घ्यायला हवा. पक्षकार उमेदवाराच्याच वंशाचा असावा अशी अट नाही. १९९१ च्या पॉवर्स निकालाने ती काढली.

निवड झाली नाही तरी फेडरल कोर्ट त्या दिवसाचे ५० डॉलर देते.